ताईची सीडी, भाचीची कादंबरी

कवळ्या बनवणारा तो माणूस प्लॅस्टर कालवत होता, तेवढ्यात ताई लॅबमध्ये शिरली आणि तिने टेबलावर एक कादंबरी आणि एक सीडी आपटली.

"पोरीच्या कपाटात सापडलं हे. मला काही झेपत नाही. तू वाच, ऐक आणि सांग, तिच्या डोक्यात चाललंय तरी काय?"

सीडीवर ऑल्टरनेटिव्ह रॉकच्या अठरा बँडांची अठरा गाणी होती. दातांना पॉलिश मारता मारता त्याने ती लावली. पहिला गायक दाढ दुखत असल्यासारखा कण्हत होता, दुसऱ्याचं मशीनच्या घरघरीपुढे काही चालेना. सातवं गाणं मात्र त्याने मशीन बंद करून ऐकलं. मग पुन्हा लावलं. का, ते त्यालाच कळेना.

कादंबरी घरी वाचली. सतरा वर्षांची मुलगी परीक्षा सोडून पोहण्याच्या तलावावर जाऊन बसते आणि आईशी बोलणंच टाकते. आधी त्याला वाटलं, कानाखाली द्यायला हवी हिच्या. अर्ध्यावर आला तर आईचाच राग यायला लागला. शेवटी मुलगी घरी येते आणि आई एवढंच विचारते, "जेवलीस का?" आता ही आई जिंकली की हरली? त्याचे डोळे भरून आले, पण नक्की कुणासाठी, ते काही उमगेना.

रविवारी तो ताईकडे गेला. ताई आत इस्त्री करत होती. त्याने भाचीला बाजूला घेऊन कादंबरीबद्दल विचारलं.

"मामा, ती कादंबरी भिकार आहे," भाची म्हणाली. "नुसती रडकी पोरगी. आईचं बरोबरच होतं."

"मग कपाटात कशाला जपून ठेवलीस?"

"मैत्रिणीची आहे, परत द्यायचीय."

"आणि गाणी?"

"ती आईची! जुन्या बॅगेत मिळाली. भारी आहेत. सातवं तेवढं बोअर आहे."

मामाला ते उगीचच लागलं. आपली अक्कल काढल्यासारखं.

तो सीडी घेऊन आत गेला. "ताई, ही तुझीच आहे म्हणे."

"माझी? काहीतरीच!" तिने कव्हर हातात घेतलं, उलटून पाहिलं. मग इस्त्रीचं बटण बंद करून पलंगावर बसली. "अगंबाई. खरंच की रे. कॉलेजला होते तेव्हा घेतली होती."

त्याने गाणी लावली. ताई मान खाली घालून ऐकत राहिली.

"हे लावून मी दार बंद करून रडायचे," ती हळूच म्हणाली. "कशासाठी, ते आठवत नाही. तू होतास ना घरात? मला काय झालं होतं रे तेव्हा?"

त्याने खूप आठवून पाहिलं. बंद दार आठवलं, त्यापलीकडचं काहीच नाही.

"मला वाटायचं, तू अभ्यास करतेस," तो म्हणाला.

भाची दारात येऊन उभी होती. तिने आवाज थोडा वाढवला आणि आईला खेटून बसली. त्याला तिथे थांबावं की निघावं, ते सुचेना. शेवटी तो चपला घालून निघाला.

कादंबरी मैत्रिणीकडे परत गेली. पण तो शेवट काही त्याची पाठ सोडेना. चार दिवसांनी तो पुस्तकांच्या दुकानात गेला. दुकानातल्या बाईंनी प्रत काढून दिली.

"मुलांसाठी नेताय?"

"नाही, मलाच."

"चांगली आहे का हो? बरेच जण विचारतात."

तो घुटमळला. "एकदा वाचलीय," तो म्हणाला, "पण अजून काही सांगता येत नाही बघा."