गोड बोलण्याचं दुखणं

नारायण पेठेतल्या गोपाळकृष्णांनी चहाला चांगलं म्हटलं, तेव्हाच सुनीतीबाईंनी डॉक्टर गाठायला हवा होता. पण "हा चहा आहे की काढा ते आधी सांग, म्हणजे त्या तयारीने पितो," असं लग्नापासून ऐकत आलेल्या बाईला चार शब्द गोड लागले, तर तिचं काय चुकलं?

त्याआधी गॅलरीतली कबुतरांची घाण गोपाळकृष्णांनी स्वतः खरवडली होती. दुसऱ्याला सांगितलं की काम बिघडतं, हे त्यांचं ठाम मत. मग ताप आला, खोकला आला. तापात भरपूर पाणी प्यावं म्हणून सुनीतीबाई तांब्या घेऊन मागे लागल्या, आणि नवल म्हणजे ते मुकाट्याने पीत राहिले. "तू म्हणशील तसं," म्हणाले. उशिरा का होईना, देव पावला असं बाईंना वाटलं.

मग एका सकाळी नवऱ्याने अदबीने विचारलं, "आपलं नाव काय?" बाईंनी तडक रिक्षा बोलावली.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी समजावलं. कबुतरांपासून क्वचितच कुणाला होणारा फुप्फुसाचा संसर्ग होता. त्यामुळे शरीरातलं एक हार्मोन नको तितकं वाढलं होतं. पाणी अंगातच साठत होतं, रक्तातलं मीठ उतरलं होतं, मेंदूला सूज येत होती.

"म्हणून हा भ्रम. औषधं चालू आहेत, पण पाणी अगदी मोजकं. जास्त झालं तर जिवावर बेतेल."

सुनीतीबाईंना आपल्याच तांब्याची भीती वाटली.

दुपारी गोपाळकृष्णांनी हात जोडले. "बाई, आपण फार चांगल्या आहात. घोटभर पाणी देता का?"

उभ्या जन्मात त्यांनी बायकोकडे इतक्या आर्जवाने काही मागितलं नव्हतं, आणि नेमकं तेच द्यायचं नव्हतं. सुनीतीबाईंनी ओल्या कापसाने त्यांचे ओठ टिपले, "नाही" म्हणाल्या आणि तोंड फिरवून रडल्या.

दोन दिवसांत मीठ हळूहळू वर आलं. तिसऱ्या सकाळी त्या उशी सारखी करत होत्या.

"सुनीती, उशी डोक्याखाली घेतात. माझा गळा दाबायचा असेल तर तसं सांग."

सलाईन बदलणाऱ्या निकिता सिस्टरला वाईट वाटलं. "आजी, परवापर्यंत किती गोड बोलत होते हो आजोबा!"

सुनीतीबाईंनी पदराने डोळे पुसले.

"परवापर्यंत बरं नव्हतं त्यांना."