‘घे’ म्हणणारं माणूस

शनिवारी दुपारच्या जेवणाला बांगड्याचं तिखलं होतं. मी सकाळच्या एसटीने कोल्हापूरहून घरी आले होते. तिथल्या कॉलेजात मी शिकवते. अप्पा आणि मी पाटावर बसलो होतो, आई वाढत होती. मागच्या दाराबाहेर आमचा कुत्रा खंड्या पुढचे पाय जुळवून बसला होता. आईने त्याच्या थाळीत भात घातला. अप्पांनी आपल्या पानातला अर्धा बांगडा उचलला, बोटांनी चाचपून काटे काढले आणि तो त्या भातात कालवला. मग राहिलेलं जेवण संपवून ते उठले, हात धुतले, पंच्याला पुसले. एवढा वेळ खंड्याने थाळीकडे बघितलंसुद्धा नाही. तो अप्पांच्या तोंडाकडे बघत होता.

“घे,” अप्पा म्हणाले.

खंड्याने थाळीत तोंड घातलं.

“तुझ्या कॉलेजातली पोरं बसतात का अशी गप्प?” अप्पांनी मला विचारलं.

“त्यांना मी बांगडा कुठे देते?”

आई हसली. खंड्याचं झाल्यावर तिने त्याची थाळी विसळली, आमची ताटं उचलली आणि चुलीच्या बाजूला आपलं पान वाढून घेतलं. तिच्या वाट्याला शेपटीचा तुकडा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा विहिरीपाशी कोसळले. रिक्षाने दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

घर माणसांनी भरलं. त्या गर्दीत खंड्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. आई सवयीने त्याची थाळी दारात ठेवायची. तो शिवायचा नाही. रात्री कधीतरी मांजरागत चोरून चार घास खायचा. थाळी उचलायला आई वाकली की गुरगुरायचा. ती तांदूळ निवडत बसली की तिच्या पायाशी झोपणारा कुत्रा हा. आई घाबरली आणि थाळी तिथेच ठेवून देऊ लागली.

तेराव्याच्या दिवशी तो अनिलकाकांना चावला. काका अप्पांचे धाकटे भाऊ. संगमेश्वरजवळ त्यांची काजूची बाग आहे. “हा आंबलेला भात कशाला ठेवलाय दारात?” म्हणत त्यांनी थाळी ओढली आणि खंड्याने त्यांचं मनगट धरलं. जखम फार नव्हती, पण इंजेक्शनं घ्यावी लागली.

“दादा गेला आणि हा धनी झाला बघ घराचा,” काका पट्टीवरून हात फिरवत मला म्हणाले. “वर कोणी दिसलं नाही की कुत्रं स्वतःच वर चढून बसतं. वहिनी, पुढच्या रविवारी टेम्पो घेऊन येतो. बागेत साखळीला राहील.”

“तुम्ही म्हणाल तसं, भावोजी,” आई म्हणाली.

पाहुणे गेल्यावर मी तिला विचारलं, “तुला काय वाटतं?”

“मला काय वाटायचंय?” ती पडवीत बसली होती. खंड्या थोडा लांब, फाटकाकडे तोंड करून पडला होता. त्याच्याकडे बघत ती म्हणाली, “तू पुढच्या सोमवारी जाशील. मग घरात श्वास घेणारं दुसरं कोण?”

माझ्या स्वभावाप्रमाणे मी कुत्र्यांविषयी वाचायला घेतलं. जुन्या पुस्तकांतला सल्ला काकांसारखाच होता. कुत्र्याला वरचढ होऊ देऊ नका. दारातून आधी तुम्ही जा. आधी तुम्ही खा, त्याच्यासमोर खा. मी पडवीत उभी राहून खंड्याच्या डोळ्यांत बघत एक ग्लुकोज बिस्कीट खाल्लं. त्याने जांभई दिली आणि मान फिरवली.

मासळीची पाटी घेऊन हौसामावशी फाटकातून येत होती. “काय गो समीक्षा, त्या मुक्याला दाखवून दाखवून खातेस? लहानपणी भावंडं नव्हती म्हणून आता हौस भागवतेस काय?”

मला हसू आलं. अप्पा गेल्यापासून पहिल्यांदाच.

नंतरच्या अभ्यासकांचं म्हणणं वेगळं होतं. धनीपणाची ती कल्पना एकमेकांना अनोळखी लांडगे कुंपणात कोंडून केलेल्या निरीक्षणांतून आली. मोकळ्या रानातला कळप हे बहुतेकदा एक कुटुंब असतं. आईबाप पुढे चालतात आणि पिल्लं मागून जातात. कुत्र्याने भीतीच्या वेळी दिलेली जांभई आळसाची नसते, असंही त्यांत होतं. ते वाचल्यावर मी पुस्तकं मिटली आणि खंड्याकडे नीट बघायला लागले.

आई थाळी ठेवायची तेव्हा तो पाय जुळवून बसायचा. मग ओठ चाटत, कान मागे पाडून एकदा घरात आणि एकदा फाटकाकडे बघत राहायचा. कोणी काहीच म्हणायचं नाही. शेवटी मी थाळी उचलायला जायचे, आणि तेव्हा तो गुरगुरायचा. धनी वगैरे काही झाला नव्हता तो. त्याला अजून जेव म्हटलं नव्हतं आणि त्याच्यापुढचं अन्न उचललं जात होतं.

शनिवारी दुपारी मी जेवता जेवता “घे” म्हटलं. त्याचे कान हलले, पण तो जागचा उठला नाही. मग मी अप्पांसारखं सगळं केलं: जेवण संपवलं, उठले, हात धुतले, पंच्याला पुसले आणि त्याच्यासमोर उभी राहिले. “घे.” तो इतक्या घाईने जेवला की थाळी फरशीवर सरकत भिंतीपर्यंत गेली.

आई पदर तोंडाला लावून बघत होती.

“उद्या तू सांगायचंस,” मी म्हटलं.

“माझं कुठे ऐकतो तो?”

“जेवून उठलेल्या माणसाचं ऐकतो. म्हणून तुला आधी जेवावं लागेल.”

“मी? आधी?” ती म्हणाली. “काहीतरीच तुझं!”

“खंड्यासाठी.”

रविवारी ती पाटाच्या कडेवर बसली, परक्या घरी आल्यासारखी. मी वाढलं. हौसामावशीने दिलेल्या बांगड्यांतला मधला तुकडा मी तिच्या पानात घातला. तिने तो काढून ठेवला, मी पुन्हा घातला. भराभर जेवून ती उठली आणि हात धुऊन दाराशी गेली. तिचं पहिलं “घे” मलाही नीट ऐकू आलं नाही. खंड्या तिच्याकडे बघत राहिला.

“घे की रे बाबा,” ती जरा मोठ्याने म्हणाली.

तो जेवला. त्याने थाळी चाटून पुसून लख्ख केली. आई वाकली, हात पुढे करताना क्षणभर थांबली, आणि तिने थाळी उचलली. खंड्या शेपटी हलवत बाजूला झाला.

चारच्या सुमाराला काकांचा टेम्पो आला. साखळी हातात घेऊनच ते उतरले.

“बसा, भावोजी, चहा टाकते,” आई म्हणाली. “खंड्या इथेच राहणार आहे.”

काकांनी आधी माझ्याकडे बघितलं. मी आईकडे बघितलं.

“आणि पुन्हा चावला तर?”

“त्याच्या थाळीला हात लावू नका म्हणजे झालं.”

काका चहा पिऊन गेले.

संध्याकाळी मी कोल्हापूरची बॅग भरत होते. आईने हाक मारली म्हणून स्वयंपाकघरात गेले. एकच पाट मांडला होता, एकच पान वाढलं होतं. दारात खंड्याची थाळी. आई चुलीपाशी उभी होती, हातात पळी.

“बस,” ती म्हणाली. “मी घेईन मागून.”

“आणि खंड्याला कोण सांगणार?”

“तू जेवून सांग आजच्या दिवस. उद्यापासून आहेच मी. आता कळलंय त्याला, ऐकेल तो माझं.”

खंड्या आळीपाळीने आम्हा दोघींकडे बघत होता. मी दुसरा पाट काढला आणि माझ्या पाटाशेजारी मांडला. तिच्या हातातली पळी घेतली.

“अगं, दुपारी बसले ना त्याच्यासाठी?”

“त्याच्यासाठी नाही,” मी म्हटलं. “आई, तू सगळ्यांच्या मागून जेवतेस ते मला कधीच आवडलं नाही.”