राखीव बाकावरचा ज्योतीराम

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे, आणि तोही राखीव खेळाडूंचा. चाकणच्या एका कारखान्यात परदेशातून मोठं यंत्र आलं, त्याच्या खोक्याच्या फळ्यांतून माझा जन्म झाला. कारखान्यातल्या सुताराने जेवणाच्या सुट्टीत मला ठोकून काढलं आणि मागच्या फुटबॉलच्या मैदानावर नेऊन ठेवलं. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पुढे एका पायाला वाळवी लागली, तर खाली वीट सरकवून मोकळे झाले.

माझ्यावर पुष्कळ जण बसले आणि उठून खेळायला गेले. ज्योतीराम मात्र नऊ वर्षं बसूनच राहिला. तो कारखान्याच्या पेंट शॉपमधला, म्हणजे रंगकामाच्या विभागातला कामगार, मूळचा बीडकडचा, राहायला काळेवाडीत. संघात त्याचं नाव असायचं, पण शेवटचं. सामन्याच्या दिवशी भल्या सकाळी येऊन तो मैदानावर पाणी मारायचा, धूळ बसवायचा, चुन्याच्या रेघा ओढायचा आणि मग बूट घालून मुकाट माझ्यावर येऊन बसायचा. कपाळावर कधी आठी नाही. मलाच त्याचा राग यायचा. वाटायचं, अरे बाबा, एकदा तरी भांड की.

गेल्या हिवाळ्यात आंतरकंपनी स्पर्धेचा अंतिम सामना आमच्याच मैदानावर झाला. ज्योतीरामची बायको सुमनताई आणि आठवीतली लेक स्वरूपा पहिल्यांदाच बघायला आल्या आणि माझ्या मागे उभ्या राहिल्या. पप्पा कंपनीच्या टीममध्ये आहेत, हे त्या पोरीने नऊ वर्षं ऐकलेलं. अर्धा खेळ झाल्यावर ती हळूच म्हणाली, "पप्पा, तुम्ही खेळत का नाही?"

"येईल की नंबर," ज्योतीराम म्हणाला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. वाकून बुटांच्या घट्ट बांधलेल्या नाड्या पुन्हा एकदा आवळल्या. खरं सांगतो, त्या घडीला मला जिंकण्या-हरण्याचं काही पडलेलं नव्हतं. या माणसाला लेकीसमोर एकदा उठता यावं, एवढंच वाटत होतं.

शेवटची चार मिनिटं उरली, बरोबरी होती, आणि आमच्या रविराजच्या पोटरीत गोळा आला. संघ सांभाळणारे यशवंतराव बाकाकडे बघून म्हणाले, "ज्योतीराम, ऊठ. फार पुढं जाऊ नको."

आणि हा गडी पुढेच गेला. आमच्याच कुणीतरी टोलवलेला चेंडू पलीकडच्या कोपऱ्याकडे सुसाट निघाला होता. तो बाहेरच जाणार म्हणून समोरचे थांबले, आपलेही थांबले. एकटा ज्योतीराम जीव तोडून धावला. लोक हसले. पण रेघेच्या हातभर अलीकडे चेंडू चिखलात रुतला आणि चक्क थांबला. ज्योतीरामने घसरत जाऊन तो गोलसमोर लोटला, आमच्या प्रीतमने नुसता पाय लावला, आणि आम्ही जिंकलो. लाकडाच्या अंगावर काटा येतो का? माझ्या आला.

सगळ्यांनी प्रीतमला खांद्यावर घेतलं. कंपनीच्या फलकावर फोटोही त्याचाच लागला. ज्योतीराम चिखलाने माखून माझ्याकडे परत आला, तेव्हा यशवंतरावांनी विचारलं, "अरे, तो चेंडू थांबणार हे तुला कसं कळलं?"

"त्या कोपऱ्यापर्यंत पाईप पुरत न्हाई, साहेब. तिथं बादलीनं टाकतो. पाणी जास्तच पडतं."

ज्योतीराम सवयीने माझ्या कडेलाच टेकला. "अहो, मधे बसा की आता," सुमनताई म्हणाल्या. तो मधे सरकला. स्वरूपा खाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या सोडू लागली. तो 'राहू दे' म्हणाला, पण तिने ऐकलं नाही.

आता माझ्या जागी प्लास्टिकच्या खुर्च्या येणार आहेत म्हणे. येऊ द्यात. मला कुठेही टाका, माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, सामना बघायला गेलात, तर बाकावर बसलेल्यांची नावं आधी विचारून घ्या. त्या दिवशी ज्योतीराम धावत होता, तेव्हा एवढ्या गर्दीतून त्याला हाक मारणारी एकटी स्वरूपाच होती. बाकीच्या प्रेक्षकांना त्याचं नावच ठाऊक नव्हतं.