पाचवा गडी

क्रॉस कंट्रीत, म्हणजे माळ-चढावांवरून पळायच्या लांब शर्यतीत, कौतुक पहिल्याचं होतं, पण संघाचा जीव पाचव्यात असतो. संघातल्या पहिल्या पाच जणांच्या क्रमांकांची बेरीज करायची. ज्यांची कमी, ते वर. चारच पोचले तर बेरीजच होत नाही. निकालात संघाचं नाव येत नाही. जणू चार माणसं चुकून मैदानात घुसली आणि घाबरून पळत बाहेर आली.

अमेरिकेत आयोवातल्या आमच्या छोट्या कॉलेजात त्या वर्षी बरोब्बर पाच जण उरले होते. उन्हाळ्यात नऊ होते. एकाचं लग्न झालं. एक रसायनशास्त्रात नापास, म्हणून नियमाने बाद. एक मक्याच्या कापणीला घरी गेला तो तिकडचाच झाला. एकाला बँडवाल्यांनी ट्रॉम्बोन फुंकायला पळवला. तो शर्यतीपुरता येतो म्हणाला होता, पण ट्रॉम्बोन घेऊन. कोचनी यावर दोन दिवस गंभीरपणे विचार केला.

कोच म्हणजे लायल हॉगन. संघाची गाडी तेच चालवायचे, आमची घामट बनियनंही तेच धुवायचे. फुटबॉलवाले घोट्यांना ज्या चिकटपट्ट्या गुंडाळतात, त्यांचा खर्च आमच्या सबंध संघाहून जास्त होता. सप्टेंबरात क्रीडा विभागाच्या प्रुइट मॅडमनी कोचना बोलावून सांगितलं, की विभागीय शर्यतीत पूर्ण संघाचा निकाल लागला तर पुढच्या वर्षी बघू, नाहीतर संघ बंद. मॅडम माणूस म्हणून वाईट नव्हत्या. घरी केलेला भोपळ्याचा केकही दिला त्यांनी. कोचनी तो आम्हाला आणून वाटला आणि बातमी सांगितली.

पाचवा होता ऑरिन ट्जाडेन. घरी डुकरं पाळायचे. तो शर्यत संपवून येईपर्यंत आमची केळी खाऊन व्हायची. शाळेत त्याला कुणी कशातच घेतलं नव्हतं. इथे आपल्यावाचून संघच नाही हे कळल्यापासून गडी ताठ चालायला लागला होता.

शर्यतीच्या आठवड्यात तो लंगडायला लागला. पळून पळून नडगीचं हाड चिरतं, वरून काही दिसत नाही. त्यावर आमच्याकडे एक जुनी परीक्षा आहे: दुखऱ्या पायावर लंगडी घालायची. हाड चिरलं असेल तर माणूस दुसऱ्या उडीलाच बोंबलतो. कोचनी विचारलं, कुठला पाय? ऑरिन म्हणाला, डावा. मग डाव्या पायावर त्याने मैदानभर लंगडी घातली, वर एक गिरकी घेतली. कोच हसले. आम्ही टाळ्या वाजवल्या. लंगडताना तो नक्की कुठला पाय वाचवत होता, हे कुणी नीट बघितलंच नव्हतं. संघ वाचवायचा असला की नजर जरा अधू होते.

शर्यत गोल्फच्या मैदानावर होती, पाच मैलांची. मी, म्हणजे गस, चौथा. कोचनी मला सांगितलं, की स्वतःचा क्रमांक विसर आणि ऑरिनला सोबत कर.

एरवी ऑरिन पळताना डुकरांच्या गोष्टी सांगायचा. त्या दिवशी एकही नाही. उजवा पाय पडला की दर वेळी दातांतून श्वास ओढायचा.

"उजवा आहे ना रे?" मी विचारलं.

"गप पळ, गस."

"अरे, मोडेल."

"मोडला तर हिवाळाभर पडून राहीन. संघ मोडला तर मी कुठे जाऊ?"

मी त्याच्या उजव्या बाजूला येऊन पळू लागलो.

शेवटच्या चढावर कोच उभे होते. लांबून ते ओरडत होते, की तुम्ही दोघं आलात की झालं. आम्ही जवळ आलो तशी त्यांची नजर ऑरिनच्या पायांवर गेली आणि आवाज बंद झाला. पळणाऱ्याला कोचनी धरलं की तो बाद, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. कोच मार्गाकडेच्या दोरीखालून आत आले आणि त्यांनी ऑरिनला समोरून मिठीत धरलं.

"कोच, सोडा. थोडंच राहिलंय."

"माहितेय."

"मी पोचतो ना."

"पोचशील रे. म्हणूनच धरलंय."

ऑरिन त्यांच्या पाठीवर बुक्क्या मारत होता. ते म्हणाले, "गस, तू थांबू नकोस."

कशाला, ते मला कळलं नाही, पण पळालो. आयुष्यातली माझी सगळ्यात चांगली वेळ त्या दिवशी लागली. कुणाला सांगावी सुचेना.

हाड जवळजवळ आरपार चिरलं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी पळाला असतास तर आत सळई घालावी लागली असती. "घातली असती," ऑरिन म्हणाला. कोचशी तो बोलला नाही.

डिसेंबरात संघ बंद झाला. कोचचा करार उन्हाळ्यापर्यंत होता, म्हणून त्यांना बास्केटबॉलच्या सामन्यांना प्रेक्षकांच्या गाड्या लावून घ्यायला उभं केलं. जानेवारीत एका दुपारी मी कुबड्यांसकट ऑरिनला सामना बघायला घेऊन गेलो. बर्फात, नारिंगी जाकिटात कोच. त्यांनी आमची गाडी थांबवली. मी काच खाली केली.

"प्लास्टर कधी निघतंय?" त्यांनी ऑरिनला विचारलं.

पुढच्या आठवड्यात, असं मीच सांगितलं.

"आधी नुसतं चालायचं," कोच त्यालाच म्हणाले. "मग गवतावर, सावकाश. एकट्याने नको."

"कुणाबरोबर?" ऑरिनने विचारलं.

मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. कोचनी मागे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि ऑरिनला फार चालावं लागू नये अशा, हॉलच्या दाराला लागूनच्या रिकाम्या जागेकडे हात केला.