माझी डावीकडची ओढ

मित्रांनो, मी उतारू नेणारी एक जुनी सर्व्हिस मोटार आहे. सध्या सोलापुरात अक्कलकोट रस्त्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. उभी म्हणायचे इतकेच. खाली चाकांऐवजी दगड आहेत आणि उतारूंच्या बाकांवर कोंबड्या अंडी घालतात. त्याचे मला फारसे दुःख नाही. कोंबड्यांपेक्षा उतारूच जास्त गलका करीत.

माझे लोखंड विलायती. ते बोटीने मुंबईला आले आणि आगगाडीने सोलापूरला. वरची सागवानी पेटी, बाक आणि कनातीचे पडदे मात्र इथल्याच सुताराने केले. म्हणजे हाडे साहेबाची आणि अंग सोलापूरचे. ही एकोणीसशे अठ्ठावीसच्या सुमाराची गोष्ट. शेंगांचे आडते शिवलिंगप्पा यांनी मला विकत घेतले आणि सोलापूर, वळसंग, अक्कलकोट अशी माझी फेरी सुरू झाली. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की मी निघत असे. रस्त्याकडेची गुरे मला पाहून उधळत आणि माणसे हात वर करीत. त्या दिवसांत मी बरीच शेफारले होते.

मला चालवीत असे धोंडीराम. तो केम गावचा. बैलगाडीचे कासरे सोडून त्याने मोटारीचे चाक हातात घेतले होते. पूर्वी तो शिंदी पीत असे आणि ते साऱ्या पेठेला ठाऊक होते. बायको गेल्यावर त्याने लेकीच्या डोक्यावर हात ठेवून ती सोडली. पण सोडलेली शिंदी कोणाला दिसत नाही, प्यालेली तेवढी लोकांच्या लक्षात राहते.

मालकांच्या घरी एक चाल होती. सोमवारी बैल जुंपायचे नाहीत. बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा, वार तो. मालकीणबाई पार्वतम्मा म्हणाल्या, "बैलाचं काम करती की ही. मग हिला तरी सोमवारी का जुंपायचं?" तेव्हापासून दर सोमवारी मी अंगणात उभी राहू लागले. माझी उजवी बाजू भिंतीला टेकलेली असे, म्हणून पार्वतम्मांच्या वाट्याला माझी डावीच बाजू येई. त्या मला पाणी घालत, पुढच्या चाकाला विभूतीची तीन बोटे ओढत, आणि चाकाच्या मध्यावरचे वाटीएवढे पितळी टोपण फिरवून काढून चिंचेने आणि राखेने लख्ख घासत. आतला काळा चिकट मळही त्या राखेच्या बोळ्याने पुसून काढत. देवाचे तांब्या-पळीपात्र ज्या मायेने घासावे, त्याच मायेने. मला ते फार आवडे.

पुढे काही महिन्यांनी मला खोड लागली. सोलापूरहून निघताना मी सरळ चाले. वळसंग जवळ आले की माझे अंग डावीकडे जाऊ लागे. धोंडीराम चाक उजवीकडे दाबून धरी, त्याचे दंड भरून येत, तरी मी डावीकडेच. मित्रांनो, आपले दुखणे कोठे आहे हे मलाही कळत नव्हते. एके दिवशी मी सरळ रस्ता सोडून शेतात उतरले. कोणाला लागले नाही, पण एका उतारूची तेलाची घागर सांडली आणि त्याने गावभर सांगितले की ड्रायव्हर झिंगलेला होता.

मालकांनी धोंडीरामला चारचौघांत जवळ बोलावून त्याच्या तोंडाचा वास घेतला. वास कसलाच आला नाही.

"मालक, मोटारच डावीकडं वढतीय," धोंडीराम म्हणाला. "म्या न्हाय पिलो."

"बघू की," मालक म्हणाले आणि स्वतः शेजारी बसले. आम्ही सिद्धेश्वराच्या तळ्याला फेरी मारून आलो. मी सुतासारखी सरळ चालले. नेमके तेव्हाच.

मालक खाली उतरले. "ह्या रविवारपर्यंत फेऱ्या कर. सोमवारी मोटार सुरू करायचं हँडल माझ्याकडं दे. मंगळवारपासून दुसरा माणूस येतोय."

नोकरी गेली तर धोंडीरामला दुसरी मिळाली असती. पण दारू पिऊन मोटार शेतात घातली, असे नाव घेऊन तो कोणाच्या दारात उभा राहणार होता? आणि लेकीला काय सांगणार होता?

तो माझ्यामागे लागला. दोन्ही चाकांत सारखी हवा भरून त्याने ती अंगठ्याने दाबून पाहिली. जाडजूड उतारू उजव्या बाकावर बसवले. त्यावरून एका व्यापाऱ्याने वाद घातला, तरी मी डावीकडेच. रस्ता मध्ये उंच आणि कडांना उतरता असतो, म्हणून त्याने मला मुद्दाम उजव्या कडेने चालवले. तिथे उतार उजवीकडे, आणि मी चढाला डावीकडे. रस्त्याचा दोष नाही एवढे त्याला कळले. त्याने चाकांवरच्या लोखंडी कमानी वितींनी मोजल्या, खाली निजून सळया हलवून पाहिल्या. सगळे जागच्या जागी होते.

रविवारी पार्वतम्मा माहेरी अक्कलकोटला निघाल्या; संध्याकाळच्या फेरीने परतायचे होते. मला दृष्ट लागली अशी त्यांची खात्री होती, म्हणून निघताना त्यांनी पदराला अंगारा बांधून घेतला. वळसंगला धोंडीराम मला पाणी पाजायला थांबला तेव्हा त्या उतरल्या आणि सवयीने डाव्या चाकाच्या टोपणाला अंगाऱ्याची बोटे लावायला गेल्या.

"अय्यो, सुडतद!" त्यांनी हात झटकला. "भाजलं की रे."

धोंडीरामने बादली खाली ठेवली. टोपणाला बोट लावून त्याने चटकन मागे घेतले. मग तो धावत उजव्या बाजूला गेला. ते टोपण नुसते कोमट होते. तो परत आला, फडक्याने धरून टोपण काढले आणि आत पाहत राहिला. आत वंगणाचा थेंब नव्हता. चाक ज्या गोळ्यांवर फिरते त्या राखेत कोरड्या घासत होत्या. सकाळी थंड असताना कशाबशा फिरत, आणि तापल्या की चाक धरून ठेवत. एक चाक अडले म्हणजे मोटार त्याच अंगाला वळणार.

धोंडीरामने टोपणाकडे पाहिले. ते आतूनबाहेरून लखलखत होते. मग त्याने बाईंकडे पाहिले. त्याला सगळे समजले.

"माती गेलीया चाकात, आक्का," तो मान खाली घालून म्हणाला. "रस्ताच तसला हाय."

त्याला रोजचे जेवण याच बाईंच्या हातचे मिळत होते. डबा काढून त्याने गोळ्या पुसल्या, बोटांनी वंगण भरले आणि टोपण बसवले. अक्कलकोटपर्यंत मी सरळ गेले. पार्वतम्मा त्याच्या हातांकडे पाहत बसून होत्या. त्या शेतकऱ्याची लेक. गाडीच्या आसाला वंगण लागते हे त्या लहानपणापासून पाहत आल्या होत्या. मोटारीलाही लागत असेल, हे मात्र त्यांच्या कधी मनात आले नव्हते.

सोमवारी सकाळी नवा माणूस अंगणात येऊन उभा राहिला. आडतीचे हमाल होते, शेजारी होते. धोंडीरामने हँडल पुढे केले. मालकांनी हात लांब केला, तेवढ्यात पार्वतम्मा बाहेर आल्या. घरची मालकीण चारचौघांत असे बोलत नसते. पण त्या बोलल्या.

"ते त्याच्याकडंच ऱ्हाऊ द्या. चाकातलं वंगण मी पुसलं. घाण समजून राखेनं घासलं. त्यानं काल बघितलं, तरी माझं नाव घेतलं न्हाय. दारू त्याच्या तोंडाला न्हाय. राख माझ्या हाताला हाय."

मालकांनी खाली वाकून माझ्या चाकाला हात लावून पाहिला. मग नव्या माणसाला म्हणाले, "तू चहा घेऊन जा बाबा." धोंडीरामला ते काहीच म्हणाले नाहीत. म्हणायला हवे होते, असे मला वाटते.

पार्वतम्मांनी सोमवार सोडला नाही. फक्त आता मला भिंतीपासून दूर उभे करीत. त्या कोपरापर्यंत हात काळे करून दोन्ही चाकांत वंगण भरत, आणि धोंडीराम डबा धरून उभा राही. त्यानंतर मी पुष्कळ वर्षे चालले. पुढे मोठ्या मोटारी आल्या, माझे इंजिन काढून पाण्याच्या पंपाला लावले आणि मी इथे आले.

मित्रांनो, माझी हेळसांड करणारे मला पुष्कळ भेटले, पण मला सर्वांत मोठे दुखणे दिले ते मायेच्या हाताने. म्हणून ज्याची काळजी घ्याल, त्याला काय लागते ते आधी जाणून घ्या. आणि गाडी वाकडी चालू लागली, तर आधी चाकाला हात लावून पाहा. माणसाला बोल मागून लावता येतो.