नारळाच्या दुधातलं तेल

जिजाबाईने पाळण्यावर वाकून हात पुढे केला आणि बाळाच्या गालाला लागायच्या आतच मागे घेऊन पदराखाली लपवला.

"घ्या ना, आई," समिधा म्हणाली. "जागीच आहे ती."

"नको. मासळीचा वास असंल हाताला. तू ह्ये मुडदुशीचं कालवण खा, गरम हाय तवर."

सुनेचा चेहरा उतरलेला जिजाबाईला दिसला. तरी ती पिशवी आवरून उठलीच.

परेश आईला सोडायला पूनम सागर सोसायटीच्या फाटकापर्यंत आला. रिक्षा थांबवता थांबवता म्हणाला, "आई, मुलगी झाली म्हणून तू तिला हात लावत नाहीस, असं वाटतंय समिधाला. दीड महिना झाला. तिला आई नाही, बोलणार कुणाशी? काल रडत होती."

जिजाबाई हात पदरात गुंडाळून रिक्षात बसली.

नात झाली त्या दिवशी तिने हौसेने बाळाला उचललं होतं. अंगठ्याची भेग बाळाच्या गालाला लागली आणि दोऱ्याएवढी लाल रेघ उठली. बाळ कळवळून रडलं. ती रेघ दुसऱ्या कुणाच्या लक्षात आली नाही. बत्तीस वर्षं बर्फ, मीठ आणि खवलं यांत गेलेले हात ते. लग्नाकार्यात रेशमी साडी नेसायची म्हटलं, तरी बोटांत धागे अडकायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती उत्तनला मॅबेलच्या ओटीवर जाऊन उभी राहिली. दोघींनी एकेकाळी बाजारात शेजारी शेजारी बसून मासळी विकली होती. मॅबेल नारळ खवत होती. जिजाबाईने नुसते दोन्ही हात पुढे केले.

मॅबेलने ते उलटसुलट करून पाहिले. "ह्ये हात हायत का माजी खवणी?"

जिजाबाई हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मग तिने सगळं सांगितलं.

मॅबेलने पाट सरकवला. "बस. बग कसं करतात ते."

खवलेला नारळ तिने गरम पाण्यात कुस्करला, फडक्यातून पिळला. दाट पांढरं दूध पितळेच्या टोपात ओतून चूल अगदी बारीक केली. दोन तास ती जागची हलली नाही. दूध आटलं, फाटलं, तळाचा चोथा तांबूस होत गेला आणि त्यातून पाण्यासारखं नितळ तेल सुटू लागलं. घरभर खमंग वास पसरला. ओल्या नारळाच्या दुधातून घरच्या चुलीवर असं तेल सुटत असेल, असं जिजाबाईला जन्मात वाटलं नव्हतं. नारळ तर ती रोज कालवणात वाटत होती.

"धूर निघाला का तेल गेलं," मॅबेल म्हणाली. "यात वास न्हाय घातलेला, रंग न्हाय. तान्ह्या पोराच्या कातडीलाही झोंबत न्हाय. पन जादू न्हाय हां ही. बर्फात हात घालायच्या आधी लाव, म्हंजे पानी आत शिरत न्हाय. घरी आलीस का हात धू, ओले असतानाच परत लाव, वरून सुती मोजे घाल. रोज."

जिजाबाईने रोज लावलं. शेजारणी मोज्यांना हसल्या. आठ दिवसांत भेगांची आग थांबली. तिसऱ्या आठवड्यात अंगठ्याची भेग मिटली. हात काही तरण्या पोरीचे झाले नाहीत, पण पदरावरून फिरवले तरी धागा अडकेना. तिने तीनतीनदा फिरवून पाहिलं.

त्या रविवारी ती तेलाची बाटली घेऊन मुलाकडे गेली. हात धुतले, पुसले आणि पाळण्यापाशी बसून म्हणाली, "दे तिला माज्याकडं."

समिधा क्षणभर पाहतच राहिली. मग तिने बाळ सासूच्या पायांवर ठेवलं. जिजाबाईने आधी पावलाला एक थेंब लावला, थोडा वेळ थांबली, बाळाच्या तोंडाकडे पाहिलं. मग पोटऱ्या, मांड्या, इवलीशी पाठ. बाळ हुंकारलं, हातपाय ताणले आणि तिच्या पायांवरच झोपी गेलं.

समिधाने सासूचा तळवा हातात घेऊन त्यावरून बोट फिरवलं. मिटलेल्या भेगांच्या रेघा अजून दिसत होत्या.

"मला वाटलं..."

"ठाव हाय मना."

"मग बोलला का नाहीत?"

"हात दाखवायची लाज वाटली, बाय."

समिधाने बाळाला उचलून पाळण्यात ठेवलं, पांघरूण नीट केलं. आता चहाला जाईल, म्हणून जिजाबाई बाटलीला बूच लावू लागली. पण समिधा परत आली. केसांचा चिमटा काढून, सासूकडे पाठ करून, तिच्या पुढ्यात मांडी घालून बसली.

जिजाबाईने बूच काढलं आणि तळहातावर तेल ओतलं, या वेळी भरपूर.