दहापासून मोजा

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. गणिताच्या वर्गात फळ्याशेजारी खिळ्याला टांगलेली असते ना, तीच. सगळे मला एक मीटरची म्हणतात. खरं सांगायचं तर मी दोन सेंटिमीटरनं कमी आहे, आणि माझी सगळी गोष्ट त्या दोन सेंटिमीटरचीच आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी पुरती शंभर होते. पिवळंधमक अंग, त्यावर काळ्या रेघा आणि दर दहा रेघांवर एक आकडा. आल्या दिवशी गणिताच्या बाईंनी मला उजेडात धरून, एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाल्या, "सरळ आहे हो पोरगी!" एवढं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही. पुढे मी त्रिकोण काढले, कपाटाखाली गेलेले खडू ओढून काढले, गप्पिष्ट मुलांसाठी टेबलावर आपटलेही गेले. वर्गाच्या खिडकीची कडी तुटली, तेव्हा एका पावसाळ्यात मला टेकू म्हणून तिथं उभं केलं. माझं टोक भिजून कुजलं. सुतारानं तेवढा तुकडा करवतीनं उडवला आणि कड इतकी गुळगुळीत घासली, की मी जन्मतःच अशी असावी असं वाटावं.

त्या दिवसापासून माझ्या टोकापासून दहाच्या आकड्यापर्यंत आठच सेंटिमीटर उरले. रेघा कोण मोजत बसतंय? बाईंनी मात्र मोजल्या. नवी पट्टी मागितली की वरून "पुढच्या वर्षी बघू" असं उत्तर यायचं. म्हणून त्यांनी मुलांना सवय लावली, "पट्टी दहापासून ठेवायची आणि शेवटी दहा वजा करायचे." का, ते सांगायचं राहून गेलं. रोजच्या गोष्टींची कारणं माणसं सांगत नाहीत, तसंच.

मग बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि वर्ग एका शिकाऊ शिक्षिकेच्या हाती आला. शिक्षिका व्हायच्या परीक्षेसाठी तिला इथं सराव पाठ घ्यायचे होते. मुलं तिला 'नव्या बाई' म्हणायची. पोरगी गुणी होती. रोज आधी येऊन रिकाम्या बाकांना धडा शिकवून बघायची. बाक काही विचारत नाहीत, तिचं तिथं छान जमायचं. मुलं आली की खडू मोडायचा.

वर्गात एक मुलगी होती. चणीनं बारीक आणि कामाला चिवट, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणायचे. बोलायची कमी, पण गणिताच्या तासाला तिचा हात सगळ्यांच्या आधी वर. माझी पुसट रेघ दिसली की ओल्या बोटानं पुसून बघणारी ती एकटीच.

चाचणीचा दिवस आला. मागच्या बाकावर नव्या बाईंचे मार्गदर्शक सर शेऱ्यांची वही उघडून बसले होते. प्रश्न सोपा होता : खिडकीच्या चौकटीची रुंदी आणि उंची मोजा, क्षेत्रफळ काढा. नव्या बाईंनी आदल्या दिवशी स्वतः मोजून ठेवलं होतं. माझं टोक कडेशी जुळवून. रुंदी शहाऐंशी.

मुलं एकेक करून आली आणि नव्या बाईंनी सांगितलं तसं टोकापासून मोजून गेली. मुंगीनं मला उचललं आणि माझा दहाचा आकडा कडेशी ठेवला.

"अगं, असं काय? टोकापासून मोज ना."

"बाई, आमच्या बाई दहापासून मोजायला सांगतात."

"का?"

मुंगीला तरी कुठं ठाऊक होतं?

"पुस्तकात काय दिलंय? मोजमाप शून्यापासून सुरू होतं."

मुंगीनं मान डोलावली आणि तरीही दहापासूनच मोजलं. चौऱ्याण्णव, वजा दहा, चौऱ्याऐंशी.

मला ओरडून सांगायचं होतं, बरोबर आहे गं! पण पट्टीला आकडे असतात, जीभ नसते.

पेपर गोळा झाले. मागच्या बाकावर सरांचं पेन थांबलं. नव्या बाईंच्या कपाळावर घाम होता. "एकोणतीस जणांचं उत्तर एक आणि तुझं एकटीचं वेगळं," त्या हसून म्हणाल्या, "मग आता तूच सांग, कोण चुकलं?"

कुणीतरी मागून म्हणालं, "मुंगीची खिडकी छोटी असते, बाई!" वर्ग खो खो हसला. सरही हसले.

"मी," मुंगी म्हणाली. "मी चुकले, बाई."

सरांनी वहीत लिहिलं, 'वर्गावर उत्तम पकड'. त्यानंतर मुंगीचा हात वर गेला नाही. नव्या बाईंना वाटलं, मुलगी शहाणी झाली.

सराव संपायच्या दिवशी नव्या बाईंनी वर्गाला भेट आणली. त्या तुटक्या खिडकीतून मागच्या बाकांवर ऊन यायचं. तिथं बसवायला त्यांनी जाड पुठ्ठा कापून, त्यावर सुरेख अक्षरात पाढे लिहिले होते. त्यांची आई शिवणकाम करायची. तिच्या टेपनं मोजून, बरोब्बर शहाऐंशी कापलेला. पुठ्ठा चौकटीत बसेना. तिरका करून पाहिला, बुक्की मारून पाहिली. शेवटी पर्समधून आईची टेप काढून चौकटीला लावली.

चौऱ्याऐंशी.

त्यांनी मला खिळ्यावरून काढलं. टोकापासून दहापर्यंतच्या रेघा बोटानं मोजल्या. आठ. पुन्हा मोजल्या. मग मला मांडीवर घेऊन मुंगीच्या बाकावर बसून राहिल्या. "अगं आई गं," एवढंच म्हणाल्या.

मुंगी त्या दिवशी आलीच नव्हती. त्या धावत शिपाईकाकांकडे गेल्या.

"काका, मुंगी आज का आली नाही?"

"गेली की, बाई. वडलांची बदली झाली. काल संध्याकाळीच दाखला नेला."

"कुठं गेली? कुठली शाळा?"

"आता ते कोण सांगतंय? सामान भरायच्या घाईत होते. पोरगी तेवढी वर्गात येऊन खिडकीकडे बघून गेली."

नव्या बाईंनी मुंगीच्या पेपरावरची फुली खोडली आणि पूर्ण गुण दिले. मग एकोणतीस मुलांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "त्या दिवशी मी चुकले होते." वर्गात कुणी हसलं नाही. पण ज्या एकीनं ते ऐकायला हवं होतं, ती तिथं नव्हती.

जुन्या बाई काठी टेकत परत आल्या. सगळं ऐकून त्यांनी माझ्या टोकावर शाईनं 'दोन' लिहिलं आणि पुटपुटल्या, "कारणही सांगायला हवं होतं गं मी." तो पेपर अजून माझ्यामागे त्याच खिळ्याला टोचलेला आहे. कडा पिवळ्या पडल्यात.

मित्रांनो, मला पॉलिश नको, नवा खिळाही नको. वर्गात एकाचंच उत्तर वेगळं आलं, तर हसायच्या आधी एकदा पट्टी तपासा. आणि तुमच्या शाळेत कधी एखादी बारीक चणीची मुलगी नवी आली, उत्तर येत असूनही हात खाली ठेवणारी, तर तिच्याजवळ जाऊन बसा. तिला एवढंच सांगा, खिडकी चौऱ्याऐंशीच होती.